ग्रंथालयाच्या दारातील सहायक श्वान

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशात शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवावीत, आवारांना कुंपण घालावे आणि हलवलेली कुत्री निर्बीजीकरण व लसीकरण झाल्यावरही पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असे सांगितले. या कामासाठी संस्थेत एक जबाबदार अधिकारी नेमण्याचीही अट त्यात आहे. प्राणिप्रेमी आणि भटक्या कुत्र्यांना विटलेले नागरिक यांच्यात या आदेशावरून जो वाद पेटला तो येथे चालवण्याचा माझा हेतू नाही. मात्र असा आदेश न्यायालयातून निघून कुलसचिवांच्या परिपत्रकात उतरतो, परिपत्रकातून फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला तोंडी सांगितला जातो आणि त्या प्रवासात त्याचे एकच वाक्य उरते, ते म्हणजे आवारात कुत्रा दिसता कामा नये. मोकाट कुत्रा आणि अंध विद्यार्थिनीला वाट दाखवणारा, अंगावर खोगिरासारखा पट्टा असलेला प्रशिक्षित कुत्रा यांत फरक करायचा असतो, हे त्या रक्षकाला कोणी सांगितलेले नसते, आणि न सांगितलेल्या फरकाची जबाबदारी पंधरा-सोळा हजारांवर कंत्राटी नोकरी करणाऱ्या माणसावर टाकणे अन्यायाचे होईल. म्हणून माझे म्हणणे असे आहे की कोल्हापुरातील शिवाजी विद्यापीठाने, आणि विशेषतः त्याच्या ग्रंथालयाने, सहायक श्वानाविषयीचा नियम आताच लिहून ठेवावा. असा एकही कुत्रा अजून दारात उभा नाही, हीच तो लिहिण्याची योग्य वेळ आहे.

सहायक श्वान नेमके काय करतो याविषयी आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहेत. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ साली ओल्डेनबर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची पहिली शाळा निघाली. अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ साली सुरू झाली आणि इंग्लंडमध्ये पहिले चार मार्गदर्शक श्वान १९३१ साली कामाला लागले. म्हणजे ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. कुत्रा मालकाला ‘घेऊन जातो’ अशी आपली समजूत असते, ती बरोबर नाही. कोठे जायचे आणि कोणत्या वळणाने जायचे हे माणसाला ठाऊक असते. कुत्रा त्या वाटेवरचे अडथळे टाळतो, पायरी आली की थांबतो, दार शोधतो आणि पुढे खड्डा किंवा वाहन असेल तर ‘पुढे चल’ ही आज्ञा मोडतो. ही शिकवलेली अवज्ञा हा त्या प्रशिक्षणाचा सर्वांत कठीण भाग मानला जातो. पांढऱ्या काठीला जमिनीवरचा दगड लागतो, पण छातीच्या उंचीवर उघडी राहिलेली खिडकीची झडप, वाटेवर झुकलेली फांदी किंवा कपाटातून बाहेर आलेला खण लागत नाही. ज्याने कोणत्याही जुन्या ग्रंथालयातील कपाटांच्या अरुंद बोळांतून वाट काढली असेल त्याला या फरकाचे मोल सांगावे लागणार नाही.

अंधत्वापुरतेच हे काम मर्यादित नाही. कर्णबधिर व्यक्तीला आगीचा भोंगा किंवा मागून मारलेली हाक स्पर्शाने कळवणारे श्वान असतात. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीच्या हातून पडलेले पुस्तक उचलून देणारे असतात. अपस्माराचा झटका आला असता मदतीसाठी माणसे बोलावणारे किंवा शेजारी पडून राहणारे असतात. झटका येण्याआधीच कुत्र्याला तो कळतो असा दावा पुष्कळदा केला जातो, पण त्याचा पुरावा अजून कच्चा आहे आणि नियम करताना अशा दाव्यांवर विसंबू नये. झटका आल्यानंतर काय करायचे हे मात्र कुत्र्याला नक्की शिकवता येते. माझ्या मते नियमाचा पाया येथेच सापडतो. कुत्र्याची जात कोणती, तो किती शांत आहे किंवा मालकाचे त्याच्यावर किती प्रेम आहे हे प्रश्न गौण आहेत. त्याला अपंगत्वाशी थेट संबंधित असे कोणते काम शिकवले आहे, हा खरा प्रश्न आहे.

हा पाया न धरल्यास काय होते ते अमेरिकेने पाहिले आहे. तेथील अपंगत्वविषयक कायदा १९९० सालचा आहे आणि त्याखालील नियमांत मार्च २०११ पासून सहायक प्राण्याची व्याख्या फक्त प्रशिक्षित कुत्र्यापुरती केली आहे. बुटक्या घोड्यांसाठी तेवढी एक वेगळी तरतूद आहे. केवळ सोबतीने मनाला धीर देणारा प्राणी त्या व्याख्येत बसत नाही. विमानप्रवासाचे नियम मात्र वेगळे आणि अधिक सैल होते. त्यांचा आधार घेऊन लोक कोणकोणते प्राणी विमानतळावर आणू लागले याचा कळस जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्कच्या विमानतळावर झाला, जेव्हा एका प्रवासी बाईने ‘भावनिक आधार’ म्हणून चक्क मोर आणला आणि विमान कंपनीने त्याला प्रवेश नाकारला. पुढे २०२१ च्या आरंभापासून तेथील परिवहन विभागाने भावनिक आधाराच्या प्राण्यांना सहायक प्राणी मानणे बंद केले. आपल्या विद्यापीठाच्या आवारात मोर मुळातच मुक्कामाला आहेत, तेव्हा ती अडचण येथे निदान नवी वाटणार नाही.

थट्टा बाजूला ठेवली तरी तिसरा एक प्रकार उरतो, तो परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांचा ताण हलका व्हावा म्हणून ग्रंथालयात आणल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा. येल विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाने २०११ साली मॉन्टी नावाचा कुत्रा पुस्तकाप्रमाणे अर्ध्या अर्ध्या तासासाठी विद्यार्थ्यांना ‘देण्याचा’ प्रयोग केला होता. पहाटेपासून अभ्यासिकेत जागा धरून बसणाऱ्या आपल्या स्पर्धापरीक्षेच्या मुलामुलींकडे पाहिले की त्यांनाही अशा अर्ध्या तासाची गरज आहे असे वाटते. पण ती सोय आहे, हक्क नाही. ग्रंथपालांना हवी तर त्यांनी ती करावी, नको तर करू नये. मार्गदर्शक श्वानाच्या बाबतीत मात्र ग्रंथपालांच्या आवडीनिवडीला जागा नाही, कारण त्याला बाहेर ठेवणे म्हणजे वाचकाला बाहेर ठेवणे होय. हे प्रकार एकाच नियमात कोंबले तर चैनीच्या सोयीवर घेतलेला आक्षेप हक्कावरही लागू होतो, आणि बहुतेक ठिकाणी गोंधळ नेमका येथूनच सुरू होतो.

आपला कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. या कायद्यात सहायक श्वानाचा उल्लेख नाही. त्यात आहे ती ‘वाजवी सोयी’ची संकल्पना, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क वापरता यावेत यासाठी करावयाचे आवश्यक व योग्य ते फेरबदल, जोपर्यंत त्यांचा संस्थेवर अवाजवी भार पडत नाही तोपर्यंत. कलम १६ शिक्षणसंस्थांच्या बाबतीत इमारती, आवार आणि सुविधा सुगम असण्याची व व्यक्तीच्या गरजेनुसार अशी सोय पुरवण्याची अपेक्षा स्पष्ट शब्दांत मांडते. त्याच्या आधी, १ ऑक्टोबर २००७ रोजी, भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला अनुसमर्थन दिले आहे आणि त्या कराराच्या नवव्या व विसाव्या अनुच्छेदांत ‘सजीव साहाय्य’, म्हणजे जिवंत साथीदाराची मदत, उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या खटल्यात, हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारणारी केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूमिका फेटाळताना, वाजवी सोय ही त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असते हे बजावले. यादीत नाव नाही म्हणून सोय नाही, हा युक्तिवाद त्या निकालानंतर टिकणारा नाही. मार्गदर्शक श्वानाचे नाव कायद्याच्या कोणत्याही यादीत नसले तरी ग्रंथालयाला त्यामागे लपता येणार नाही, असे मला वाटते. वाचनकक्षात टेबलाखाली निजलेला एक कुत्रा विद्यापीठावर कोणता ‘अवाजवी भार’ टाकतो, हे दाखवून देण्याची जबाबदारी विद्यापीठाची असेल.

यावर सर्वांत आधी येणारा प्रश्न अगदी व्यवहारी आहे. कोल्हापुरात मार्गदर्शक श्वान आहेच कोठे? भारतात असे श्वान फार थोडे आहेत. एक कुत्रा तयार करायला दीड-दोन वर्षे लागतात, खर्च मोठा असतो, निवडलेली सगळीच पिल्ले उत्तीर्ण होत नाहीत आणि जो उत्तीर्ण होतो तो साधारण आठ-नऊ वर्षे काम करून निवृत्त होतो. हे सर्व खरे आहे. पण हाच प्रश्न चाकाच्या खुर्चीविषयी याच शहरात विचारला जात होता. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली, त्या काळात सरकारी कचेऱ्यांना आणि महाविद्यालयांना उतार बांधण्याची मागणी म्हणजे कोणा एकादोघांसाठी इमारत फोडण्याची मागणी वाटत असे. खुर्चीवरून कोणी येत नाही म्हणून उतार नाही, आणि उतार नाही म्हणून कोणी येत नाही, या चक्राला कोठून तरी छेद द्यावा लागतो. श्वानाच्या बाबतीत हे चक्र अधिक लांब आहे. ज्या विद्यार्थ्याला केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या, बसमध्ये कुत्र्यासह चढता येईल की नाही याची खात्री नाही, वसतिगृहात खोली मिळेल की नाही हे माहीत नाही आणि ग्रंथालयात सोडतील की नाही हे फाटकावर गेल्याशिवाय कळणार नाही, तो दोन वर्षे वाट पाहून आणि एवढा पैसा उभा करून कुत्रा घेईलच कशाला? बस आणि रिक्षा विद्यापीठाच्या हातात नाहीत. ग्रंथालय आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बहुधा अंध विद्यार्थ्यांकडूनच येईल. कुत्र्याचे नंतर पाहू, आधी आम्हाला वाचता येतील अशी पुस्तके द्या, असे ते म्हणतील आणि त्यात चूक काहीच नाही. अंध व दृष्टिबाधित वाचकांसाठी सुगम प्रती तयार करण्यास परवानगी देणाऱ्या मराकेश कराराला अनुसमर्थन देणारा जगातील पहिला देश भारत होता, ते साल होते २०१४. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात तशी तरतूद त्याच्याही आधी, २०१२ साली झाली होती. एवढे असूनही मराठीतील प्रबंध आणि जुनी संदर्भपुस्तके यांची स्थिती अशी आहे की त्यांच्या डिजिटल प्रती म्हणजे पानांची छायाचित्रे असतात, किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये अक्षरजुळणी केलेल्या फायली असतात, ज्या पडद्यावर मराठी दिसतात पण मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला लावल्या की लॅटिन अक्षरांचा अर्थहीन गलबला ऐकू येतो. डोळस संशोधकाला ज्याचा पत्ताही लागत नाही असा हा अडथळा आहे, आणि तो दूर करायला कोणाच्या भीतीचा किंवा धर्मभावनेचा प्रश्न आड येत नाही. लागतात ती माणसे, वेळ आणि थोडा पैसा. प्राधान्य ठरवायचे झाले तर मीही पुस्तकांनाच पहिले स्थान देईन. पण सुगम पुस्तके तयार करण्याचे काम वर्षानुवर्षांचे आहे, आणि श्वानाविषयीचा नियम ग्रंथालयाच्या समितीच्या एका बैठकीत होऊ शकतो. एका कामाला दुसऱ्याच्या रांगेत उभे करण्याचे कारण नाही.

आता भीतीविषयी. सहायक श्वानाच्या बाजूने लिहिणारे लोक इतरांच्या भीतीला फार हलके लेखतात, अशी माझी तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ हमखास मारतो. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांच्या आठवणी सांगणारी पिढी अजून घराघरांत आहे. करवीर, पन्हाळा, शिरोळ, गडहिंग्लज अशा तालुक्यांतून येणाऱ्या, लहानपणी शेतावरच्या किंवा गल्लीतल्या कुत्र्याने फोडलेल्या मुलीला ‘हा कुत्रा चावत नाही’ असे सांगून तिची भीती जात नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. दम्याच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या केसांचा आणि त्वचेच्या कोंड्याचा खरोखरच त्रास होऊ शकतो, आणि मग दोन्ही बाजूंना आरोग्याचाच प्रश्न उभा राहतो. काही धर्माचारांत कुत्र्याची लाळ अपवित्र मानतात. देवघरात कुत्रा येऊ न देणारी घरेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्या जिल्ह्यात नृसिंहवाडी आहे आणि जेथे दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद असे कीर्तनांतून सांगितले जाते, तेथे ग्रंथांशेजारी कुत्रा बसण्याला धर्मदृष्ट्या फारसा आक्षेप नसावा, असे मी गमतीने म्हणू शकतो. पण ज्याला खरोखर शिवून घ्यायचे नाही त्याचा प्रश्न अशा कोटीने सुटत नाही.

तो सुटतो बैठकीच्या व्यवस्थेने. अमेरिकन नियम याबाबतीत सुज्ञ आहेत. ॲलर्जी किंवा भीती ही प्रवेश नाकारण्याची कारणे मानली जात नाहीत, पण दोघांनाही सोय द्यायची असते, आणि एकाच दालनात दूर दूर जागा किंवा दोन वेगळी दालने देऊन ती बहुतेक वेळा देता येते. विद्यापीठाच्या ग्रंथालयासारख्या मोठ्या इमारतीत हे अवघड नाही. दाराजवळची, येण्याजाण्याच्या मुख्य वाटेपासून थोडी बाजूची आणि टेबलाखाली मोठा कुत्रा अंग पसरून पडू शकेल एवढी एक जागा राखून ठेवली, आणि दम्याच्या वाचकाला दुसऱ्या दालनात हमखास जागा मिळेल असे पाहिले, म्हणजे बहुतेक तंटे उद्भवणारच नाहीत. इतरांना रुचत नाही एवढ्यासाठी सार्वजनिक संस्थेचे दार कोणाला बंद ठेवता येणार नाही, हे या संस्थानात १९१९ साली शाहू महाराजांनी अस्पृश्यतेसंदर्भात हुकूम काढून शाळा, दवाखाने आणि पाणवठे यांच्याविषयी सांगितले होते. तो अन्याय फार खोल आणि फार जुना होता; येथे त्याच्याशी बरोबरी करण्याचा प्रश्न नाही आणि कोणी ती करूही नये. हुकुमातला विचार तेवढा घेण्यासारखा आहे, की सार्वजनिक जागेत कोणाला येता येईल हे आधीपासून आत बसलेल्यांच्या पसंतीवर ठरत नाही.

पुराव्याचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. अमेरिकेत कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक असलेला सहायक श्वान आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? प्रमाणपत्र मागता येत नाही, काम करून दाखवा म्हणता येत नाही, अपंगत्व कोणते हेही विचारता येत नाही. या पद्धतीमागे वाचकाच्या प्रतिष्ठेची जी काळजी आहे तिचे मला कौतुक वाटते, पण ती जशीच्या तशी येथे चालेल असे मला वाटत नाही. ज्या गावात दर चौथ्या मोटारसायकलवर ‘प्रेस’ किंवा ‘पोलीस’ असे रंगवलेले असते, तेथे केवळ शब्दावर विश्वास ठेवणारा नियम महिन्याभरात हास्यास्पद होईल, आणि त्याची शिक्षा खऱ्या गरजू विद्यार्थ्याला भोगावी लागेल. उलट, ‘मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र’ मागणे म्हणजे अशक्य गोष्ट मागणे आहे, कारण सहायक श्वानांना प्रमाणित करणारी शासकीय यंत्रणा आपल्याकडे नाही. जे देणारा कोणी नाही ते आणायला सांगणे हा नकाराचाच एक सभ्य प्रकार आहे.

यातून मार्ग असा निघतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तसाही कोणी ओळखपत्राशिवाय जात नाही. दिव्यांग विद्यार्थ्याकडे केंद्र शासनाचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, असते आणि ते प्रवेशाच्या वेळी विद्यापीठाने पाहिलेले असते. मग वर्षाच्या आरंभी एकदाच, दिव्यांग विद्यार्थ्यांची कामे पाहणाऱ्या समान संधी कक्षात, बंद दाराआड, विद्यार्थ्याने कुत्र्याला कोणते काम शिकवले आहे आणि ते कोठे शिकवले हे लिहून द्यावे, रेबीजच्या लसीकरणाचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र जोडावे आणि कक्षाने त्याच्या ग्रंथालय कार्डावर एक खूण करावी. त्यानंतर फाटकावर, दारात किंवा देवघेव विभागात कोणी काही विचारू नये. शंका आल्यास रक्षकाने कार्डावरची खूण पाहावी, एवढेच. कुत्रा कधी, कोठे आणि किती दिवस शिकला याची तपासणी कक्षाला करावीशी वाटली तर त्याने करावी, पण तोवर प्रवेश थांबवू नये. बाहेरगावाहून एका दिवसासाठी येणाऱ्या संशोधकासाठी मात्र ते दोन प्रश्न पुरेसे आहेत; त्याला समान संधी कक्षाच्या हेलपाट्यांत अडकवणे बरोबर होणार नाही.

कुत्र्याच्या वर्तनाच्या अटी कडक असाव्यात, आणि त्या कडक ठेवण्यातच या नियमाची पत आहे. तो पट्ट्यात असला पाहिजे, भुंकत किंवा लोकांच्या अंगावर जात असला आणि मालकाला आवरत नसला तर त्याला बाहेर नेण्यास सांगता आले पाहिजे, आणि इमारतीबाहेरच नैसर्गिक विधी उरकण्याची शिस्त त्याला असली पाहिजे. कुत्र्याला बाहेर काढावे लागले तरी वाचकाला बाहेर काढलेले नाही हे लक्षात ठेवून त्याला हवे ते पुस्तक त्याच्या जागेवर आणून देण्याची व्यवस्था करावी. कुत्र्याची देखभाल ही मालकाची जबाबदारी आहे, ग्रंथालय परिचराची नाही. आपल्या पावसाळ्यात भिजलेला कुत्रा हा किरकोळ वाटणारा पण खरा प्रश्न होईल. पोर्चमध्ये एक गोणपाट आणि पुसायला टॉवेल ठेवला की तो मिटतो, आणि तसेही जून ते सप्टेंबर छत्र्या-रेनकोटांनी त्या फरशीची जी अवस्था होते तीत कुत्र्याचा वाटा लहानच असेल. जिल्ह्यात कारवानी कुत्र्यांचे शौकीन पुष्कळ आहेत आणि देखणा कुत्रा दिसला की त्याला हात लावल्याशिवाय, बिस्कीट टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कामावरच्या कुत्र्याला असे करणे म्हणजे चालत्या गाडीच्या चालकाचे डोळे झाकणे आहे, हे मात्र फलक लावून सांगावे लागेल.

खरा धोका मला वाचनकक्षात दिसत नाही, तो फाटकापासून ग्रंथालयापर्यंतच्या वाटेवर दिसतो. विद्यापीठाचे आवार साडेआठशे एकरांच्या आसपास आहे आणि एवढ्या मोकळ्या, झाडीच्या जागेत भटकी कुत्री पूर्णपणे थांबवणे कोणालाही सोपे जाणार नाही. मार्गदर्शक श्वान प्रतिहल्ला करायला शिकलेला नसतो. उलट इतर कुत्र्यांकडे दुर्लक्ष करायलाच त्याला शिकवलेले असते. तीन-चार भटक्या कुत्र्यांनी त्याला घेरले तर त्याला इजा होतेच, शिवाय एका हल्ल्याच्या धसक्याने त्याचे काम कायमचे बिघडू शकते, आणि त्या क्षणी त्याचा मालक रस्त्याच्या मधोमध एकटा पडतो. म्हणजे न्यायालयाचा जो आदेश अडाणीपणे राबवला तर सहायक श्वानाला बाहेर ठेवील, तोच समजून राबवला तर त्याची वाट सुरक्षित करील. त्या आदेशानुसार नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच सहायक श्वानाच्या सुरक्षित वाटेची जबाबदारीही द्यावी, असे मला त्यामुळे वाटते. दोन्ही कामांची माहिती, दोन्हींचे नकाशे आणि दोन्हींशी संबंधित माणसे एकच आहेत. वसतिगृहाचा प्रश्नही त्याच अधिकाऱ्याने समान संधी कक्षाच्या साहाय्याने सोडवावा. तळमजल्यावरची खोली आणि जवळच मातीची मोकळी जागा, याहून त्याला फार काही लागत नाही.

नियमाचा मसुदा करताना विद्यापीठाने एक गोष्ट विसरू नये. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालये विद्यापीठाचे परिपत्रक आले की त्यावर आपले नाव घालून ते जसेच्या तसे काढतात. त्यामुळे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रासाठी, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी, जे लिहिले जाईल तेच उद्या शिराळ्याच्या किंवा खटावच्या महाविद्यालयाच्या दोन खोल्यांच्या ग्रंथालयालाही लागू होईल, जेथे समान संधी कक्ष कागदावरच असतो आणि ग्रंथपालाची जागा कित्येकदा रिकामी असते. अशा ठिकाणी काय करायचे हे मसुद्यातच सांगितलेले असावे. कक्ष नसेल तर प्राचार्यांकडे केलेली नोंद पुरेशी मानावी आणि सात दिवसांत उत्तर आले नाही तर ती मंजूर समजावी. आणि मसुदा टंकलिखित होऊन येईल तेव्हा त्यात बहुधा सवयीने ‘सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने’ असे शब्द आलेले असतील. समितीने सही करण्यापूर्वी ते तेवढे खोडावेत.